जड कोण? पाणी, दूध की तेल?



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उत्तर पटकन द्यायचं हं, डोकं खाजवत बसायचं नाही! एक लीटर पाणी आणि एक लीटर शेंगदाण्याचं तेल, यांत जड कोण?

"तेल!" असंच म्हणालात ना? मला ठाऊक होतं. माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त मुलं "तेल, बाई, तेल!" असं ओरडतात. का रे, असं विचारलं की सांगतात, "बाई, तेल दाट असतं आणि पाणी पातळ!"

मीसुद्धा तुमच्याएवढी असताना असंच समजत होते. पण आपल्याला काय वाटतं ते काट्याला ठाऊक नसतं. तेव्हा काट्यालाच विचारू या.

करून पाहा

खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली घ्या. स्वच्छ धुऊन, उन्हात पालथी घालून कोरडी करा. घरात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर किराणा दुकानात गर्दी नसेल अशा वेळी जा आणि दुकानदारकाकांना गोड बोलून विनंती करा.

आधी रिकाम्या बाटलीचं वजन वहीत लिहून घ्या. मग बाटलीत हळूहळू पाणी ओता. वजन बरोबर 100 ग्रॅमनं वाढलं की थांबा आणि पाण्याच्या पातळीशी पेनानं रेघ मारा. एक मिलिलीटर पाण्याचं वजन जवळजवळ एक ग्रॅम भरतं. म्हणजे ही रेघ झाली आपली 100 मिलिलीटरची खूण. आहे की नाही फुकटातलं माप?

आता पाणी काढून त्याच रेघेपर्यंत दूध भरा आणि वजन करा. मग बाटली धुऊन, वाळवून तेल. मध असेल आणि आई हो म्हणाली तर सर्वांत शेवटी मध. (मध परत बरणीत जायचा आहे, तेव्हा बाटली अगदी स्वच्छ हवी. बोटं नंतर चाटली तरी चालतील!)

तुमचे आकडे साधारण असे येतील. पाणी 100 ग्रॅम, दूध 103, शेंगदाणा तेल 91 ते 92, आणि मध 140 च्या आसपास. हेच लीटरच्या हिशेबात मांडलं तर एक लीटर पाणी म्हणजे सुमारे एक किलो, दूध सुमारे 1 किलो 30 ग्रॅम, मध जवळजवळ 1 किलो 400 ग्रॅम आणि तेल फक्त 910 ते 920 ग्रॅम. समुद्राचं खारं पाणी लीटरला साधारण 1 किलो 25 ग्रॅम भरतं.

पाहिलंत? तेल पाण्यापेक्षा हलकं निघालं!

दाट निराळं, जड निराळं

एखाद्या पदार्थाचं ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं, त्याला म्हणतात घनता. हिशेब सोपा आहे. वस्तुमानाला आकारमानानं भागायचं. म्हणून तुलना करताना माप सारखंच हवं. तांब्याभर तेल आणि वाटीभर पाणी घेतलं तर तेलच जड भरणार, पण ती तुलनाच नव्हे. आणि एक किलो तेल आणि एक किलो पाणी यांत जड कोण, असं कुणी विचारलं तर फसू नका. दोन्ही एक एक किलोच! फक्त तेलाला जागा जास्त लागेल.

मग 'दाट' म्हणजे काय? ओतताना एखादा द्रव भराभर वाहतो, एखादा रेंगाळत वाहतो. त्याला चिकटपणा म्हणायचं. पोट साफ होण्यासाठी आजी एरंडेल देते ना? (तोंड वाकडं करू नका, फक्त आठवा!) ते चमच्यातून पडायलाच तयार नसतं, इतकं चिकट. तरीही लीटरभर एरंडेलाचं वजन सुमारे 960 ग्रॅमच. म्हणजे ते पाण्यावर तरंगणार. पारा मात्र पाण्यासारखा सळसळतो, आणि एक लीटर पारा भरतो 13 किलो 600 ग्रॅम! तेलाचा मोठा 15 लीटरचा डबा असतो ना, त्यातल्या सगळ्या तेलाएवढं वजन एका लीटर पाऱ्याचं. पण पारा विषारी असतो बरं का. जुना थर्मामीटर फुटला तर त्यातले चकाकणारे गोळे हातात घेऊन खेळायचे नाहीत, मोठ्या माणसांना बोलवायचं.

हलका द्रव जड द्रवावर तरंगतो, हे तुम्ही आमटीवरच्या तर्रीत रोज पाहता. पण याच कारणासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाणी जड, ते तेलाच्या खाली जातं. तापलेल्या तेलात त्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटतं तेल चौफेर उडवते. अशा वेळी तुम्ही लांब व्हायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. त्यांनी गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण ठेवायचं.

डबा पंधराचा, पण कसला पंधराचा?

आता बाजारात जाऊ. दिवाळी आली की घरात तेलाचा डबा येतो. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर लिहिलेलं असतं 15 किलो, दुसऱ्यावर 15 लीटर. लीटरचा डबा थोडा स्वस्त दिसतो. घ्यायचा का?

करा गणित. तेल लीटरला 910 ग्रॅम धरलं तर 15 लीटर म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम. किलोच्या डब्यापेक्षा 1 किलो 350 ग्रॅम तेल कमी! म्हणजे दोन्ही डब्यांची किंमत नुसती शेजारी ठेवून पाहायची नाही. दोन्हींचा एका किलोचा भाव काढायचा आणि मग ठरवायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं हे गणित घरी आजोबांना करून दाखवलं. आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं डबा मी आणतोय, पण हे मला कुणी सांगितलं नाही."

आणखी एक गंमत. द्रव तापला की फुगतो, म्हणजे तेवढंच वस्तुमान जास्त जागा व्यापतं आणि घनता उतरते. सोयाबीनचं एक लीटर तेल 21 अंश सेल्सिअसला सुमारे 919 ग्रॅम भरतं, पण 60 अंशांना ते 892.6 ग्रॅमच भरतं. आता पिशवीवर '60 अंशांना एक लीटर' असं बारीक अक्षरात छापलं तर? पिशवीत तेल कमी भरूनही लीटर पूर्ण झालं असं म्हणता येईल! म्हणून ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं तेलाच्या कंपन्यांना सांगितलं, की पिशवीवर तापमान लिहू नका, लीटर लिहा आणि सोबत वजनही लिहा. तुमच्या घरातली पिशवी आजच उलटीसुलटी करून वाचा. दोन्ही आकडे सापडतात का ते पाहा.

तापमानाची ही गोष्ट पुस्तकात मी वाचली होती. पण ती खऱ्या अर्थानं शिकवली मला एका मुलीनं. ते सांगितल्याशिवाय आजचं पान पुरं व्हायचं नाही.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिकवत होते त्या गावात घरटी एक-दोन म्हशी. पहाटे धारा काढायच्या आणि किटली घेऊन डेअरीत दूध घालायला जायचं, असा तिथला दिवस सुरू व्हायचा. मुलांच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू म्हणून मी एकदा वर्गात लॅक्टोमीटर आणला. खाली फुगीर, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे, अशी ही काचेची नळी. ती दुधात सोडली की उभी तरंगते, आणि दुधाची पातळी ज्या आकड्याशी येते ती त्याची 'डिग्री'. डिग्री 28 आली तर दुधाची घनता 1.028, म्हणजे लीटरला 1028 ग्रॅम.

मी बादलीत दूध घेतलं, डिग्री दाखवली. मग त्यात दोन तांबे पाणी ओतलं. नळी आणखी खाली बुडाली, डिग्री उतरली. मुलं एकदम खूश! मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'डिग्री कमी आली, म्हणजे दुधात पाणी.'

ते वाक्य लक्षात ठेवा. चूक तिथेच होती.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती मान खाली घालून. मधल्या सुट्टीत पाहते तर मुलं तिला घेरून चिडवत होती, "पाणीवाली, पाणीवाली!" मी त्यांना पांगवलं आणि तिला जवळ घेतलं. तशी ती रडायलाच लागली.

"बाई, आमच्या दुधाची डिग्री 25 आली. केंद्रावरच्या माणसानं आईला सगळ्यांसमोर विचारलं, किती तांबे घातले म्हणून. दूध परत दिलं. पण बाई, आईनं पाणी नाही घातलं. धार काढताना मी तिथंच असते." मग डोळे पुसत ती म्हणाली, "पण तुम्हीच तर फळ्यावर लिहिलं होतं ना, बाई?"

मुलांनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दूध संकलन केंद्राला लागूनच त्यांचं घर. आई नुकतीच धार काढून उठली होती. काही न बोलता तिनं पेला भरून माझ्या हातात दिला. "बाई, तुम्हीच चाखून सांगा," एवढंच म्हणाली. पेला हाताला चांगलाच गरम लागला. वर हा एवढा फेस. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

इतर लोक वाड्यावस्त्यांवरून येत. थंडीतून येता येता त्यांचं दूध निवत असे. हिचं घर दारातच. धार काढली की दोन मिनिटांत दूध केंद्रावर! म्हशीच्या अंगाची ऊब, म्हणजे 38 अंशांच्या आसपासचं तापमान, आणि धारेबरोबर दुधात शिरलेले हवेचे बुडबुडे. तापलेलं दूध फुगलेलं, त्यात हवा मिसळलेली. मग घनता कमी येणार नाही तर काय होईल?

शाळेतला लॅक्टोमीटर मुलीनं पळत जाऊन आणला. गरम दुधात सोडला. डिग्री 25. मग आम्ही ती चरवी विहिरीच्या गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली आणि तासभर गप्पा मारत बसलो. दूध निवलं, फेस बसला. हलकेच ढवळून पुन्हा लॅक्टोमीटर सोडला. डिग्री 28! तेच दूध, तीच चरवी. एक थेंब घातला नाही की काढला नाही. मुलीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि खाली माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी ती वही घेऊन केंद्रावर गेल्या. मीही सोबत होते. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानासाठी बनवला आहे ते त्याच्यावर छापलेलं असतं. दूध त्याहून गरम असेल तर आलेल्या डिग्रीत दुरुस्ती करावी लागते. त्या दुरुस्तीचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर टांगलेला होता, पण घाईत त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. त्या माणसानं थर्मामीटर शोधून काढला आणि हिशेब केला. मग थोडा ओशाळून म्हणाला, "वहिनी, उद्यापासून दूध जरा निववून आणा."

परत केलेल्या दुधाचे पैसे काही मिळाले नाहीत. सगळ्यांसमोर झालेला अपमानही वहीनं पुसला गेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दूध घेतलं जाऊ लागलं.

मी वर्गात गेले आणि माझं जुनं वाक्य चुकलं होतं असं सर्वांना सांगितलं. फळ्यावर नवं वाक्य लिहिलं : 'डिग्री कमी आली, म्हणजे दुधाची घनता कमी आहे. ती का कमी आहे, हे शोधावं लागेल.' चिडवणाऱ्या मुलांनी त्या मुलीची माफी मागितली. त्यांच्याआधी मी मागितली.

लॅक्टोमीटर खोटं बोलत नाही. पण आपण त्याला घनता विचारतो आणि उत्तर मात्र 'पाणी घातलं की नाही' असं ऐकतो! उलटंही होतं बरं का. साय म्हणजे स्निग्धांश, तो दुधातला हलका भाग. साय काढून घेतली की उरलेलं दूध उलट जास्त घन होतं, डिग्री चढते. मग त्यात थोडं पाणी घातलं की डिग्री पुन्हा जागेवर! साय गेली, पाणी आलं आणि लॅक्टोमीटर म्हणतो 'ठीक आहे'. साखर किंवा मीठ टाकूनही डिग्री चढवता येते. म्हणूनच डेअरीत एकट्या डिग्रीवर भागत नाही, दुधाला 'फॅट' किती लागली हेही तपासतात. एका आकड्यावरून कुणाला चोर ठरवायचं नसतं, आणि एका आकड्यावरून साव असल्याचं प्रशस्तिपत्रकही द्यायचं नसतं.

आपला घरचा घनतामापक

आता हे यंत्र तुम्हीच बनवा. वाळून गेलेलं एक स्केचपेन घ्या. पुढचं टोक आणि आतली शाईची कांडी काढून टाका, मागचं बूच तसंच राहू द्या. आत दोन-तीन बारीक खिळे टाका आणि पुढचं तोंड क्लेनं घट्ट बंद करा. हे तोंड खाली करून उंच पेल्यातल्या पाण्यात सोडा. आडवं पडलं तर वजन वाढवा, बुडालं तर कमी करा. उभं तरंगायला लागलं की पाण्याच्या पातळीशी खूण करा.

आता दुसऱ्या पेल्यात पाणी घेऊन दोन मोठे चमचे मीठ विरघळवा आणि त्यात ते सोडा. खूण पाण्याच्या वर उचललेली दिसेल. तेलात सोडलं तर खूण आत बुडेल. असं का? तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढा द्रव बाजूला सारते, हे आर्किमिडीज या ग्रीक विद्वानानं सुमारे 2200 वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. जड द्रव थोडासा सारला तरी तेवढं वजन भरतं, हलका द्रव जास्त सारावा लागतो.

दुधात सोडलंत तर मात्र फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा दिसेल. निराश होऊ नका. दूध आणि पाणी यांच्या घनतेत फरकच मुळी शंभरात तीनचा! आता लॅक्टोमीटरचा आकार आठवा. खाली मोठा फुगा आणि वर काडीसारखी दांडी असं का केलं असेल? दांडी बारीक असली की द्रव थोडासाच कमीजास्त सारण्यासाठीही तिला बरंच वरखाली व्हावं लागतं, आणि बारीकसा फरक मोठा होऊन दिसतो. काय युक्ती आहे पाहा!

आणि जाता जाता तुमच्यासाठी एक कोडं. बर्फ पाण्यावर तरंगतो, हे सर्वांना माहीत आहे. थंडीत खोबरेल तेल थिजतं, हेही माहीत आहे. मग थिजलेल्या खोबरेलाचा तुकडा पातळ खोबरेलात टाकला तर तो तरंगेल की बुडेल? आधी अंदाज वहीत लिहा, मग करून पाहा. अंदाज चुकला तर खोडू नका, तसाच राहू द्या. माझं फळ्यावरचं वाक्यही मी अजून वहीत जपून ठेवलं आहे.

उत्तर पुढच्या आठवड्यात, याच पानावर!

तुमची,
बाई